माळवदापासून माल्मोपर्यंत

युरोपात जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न विचारतात, "काय काय पाहिलेत?" यावर आयफेल टॉवर, लंडनचा पूल, स्वित्झर्लंडचा बर्फ अशी काही ठरावीक उत्तरे आहेत, आणि ती दिली की विचारणाऱ्याचे समाधान होते. माझी पंचाईत अशी, की 2019 च्या ऑगस्टमध्ये मी सबंध महिना स्वीडनमध्ये काढून आलो, आणि तिथे सर्वांत जास्त वेळ काय पाहिले असेल तर नगरपालिकेच्या इमारतींचे छप्पर! नुसते पाहिले नाही. त्यावर अर्धा दिवस फिरलो, गुडघे टेकून त्याची माती चाचपली, आणि पाऊस कधी येतो याची वाट पाहत बसलो. परत आल्यावर आमच्या सौ.नी शेजारणीला सांगूनच टाकले, "ह्यांनी विमानाचे तिकीट काढून परदेशात जाऊन गच्ची पाहिली. गच्ची काय आपल्याकडे नव्हती?"

गच्ची आपल्याकडे होती. नसती तर मी त्या छपरावर चढलोही नसतो. म्हणून आधी आमच्या गच्चीची हकीकत सांगतो, आणि मग तुम्हाला माल्मोला घेऊन जातो.

मी कुर्ल्याला राहतो. आमची तीनमजली, लहानशी सोसायटी. बारा बिऱ्हाडे, आणि वर सुमारे 300 चौरस मीटरची गच्ची. या सोसायटीचा मी कित्येक वर्षे सेक्रेटरी होतो. सेक्रेटरी होण्यासाठी विशेष लायकी लागते असे नाही. वार्षिक सभेला सगळे खाली मान घालून बसलेले असताना ज्याची मान चुकून वर राहते तो सेक्रेटरी होतो. आमच्या गच्चीच्या पाण्याला दोन नळ होते. एक मागच्या बाजूला, आणि दुसरा तळमजल्यावरच्या काकूंच्या दाराशेजारी. पावसाळ्यात त्या नळातून अशी धार कोसळायची, की काकूंना दार उघडून बाहेर पाऊल टाकायची सोय नसे.

काकू एकट्या राहत. शिवणयंत्रावर त्यांचा संसार चाले. 2003 च्या सभेत त्या म्हणाल्या, "तो नळ जरा पलीकडे वळवा." मी कार्यवृत्तात लिहिले, 'विचार करण्यात येईल.' 2004 च्या सभेत त्या पुन्हा तेच म्हणाल्या, मी पुन्हा तेच लिहिले. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला पाणी ही खाली जाण्याची वस्तू वाटते. खाली म्हणजे कोणाकडे, हे त्याच्या मनात येत नाही.

मग 26 जुलै 2005 उजाडला. त्या दिवशीचे वर्णन मुंबईच्या माणसाला सांगायला नको. सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच वेळी कुलाब्याला 75 मिलिमीटरसुद्धा पडला नव्हता. मिठी नदी, जिला आम्ही तोपर्यंत नाला म्हणत होतो, ती आपण नदी असल्याचे सांगायला घराघरांत आली. आम्ही काकूंना हाताला धरून वर आमच्या घरी आणले. त्यांचे शिवणयंत्र, लोकांचे शिवायला आलेले कपडे, मुलाच्या शाळेचे दाखले, यजमानांचा फोटो, सगळे खाली पाण्यात राहिले. संध्याकाळी त्या आमच्या खिडकीशी बसल्या होत्या. खिडकीला लागूनच तो नळ होता, आणि त्यातून धो धो आवाज येत होता. काकू रडल्या नाहीत, कोणाला बोल लावला नाही. एवढेच म्हणाल्या, "सेक्रेटरी, गच्चीचे पाणी अजून येतेच आहे हो."

नंतर अनेकांनी माझी समजूत घातली. पूर मिठीचा होता, तुमच्या नळाचा नव्हता. त्या महासागरात तुमची धार ती केवढी! हिशेबाने ते खरेच होते. पण ते वाक्य माझ्या कानातून गेले नाही. त्या दिवसापासून कोणतीही इमारत दिसली की मी आधी तिचे पाणी कुठून उतरते ते पाहतो. मुलीने या सवयीला 'बाबांचे गच्चीपुराण' असे नाव ठेवले आहे.

हीच मुलगी पुढे लग्न होऊन माल्मोला गेली. जावई नोकरीला डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनला, आणि बिऱ्हाड समुद्रापलीकडे स्वीडनमध्ये. आपल्याकडे माणसे कल्याणहून व्हीटीला जातात तशी तिकडची कितीतरी माणसे रोज सकाळी देश बदलून कामाला जातात. कोपनहेगनच्या विमानतळावरूनच आगगाडी मिळते. ती आधी समुद्राखालच्या बोगद्यात शिरते, मग एका बांधून काढलेल्या बेटावर डोके वर काढते, आणि तिथून जवळजवळ आठ किलोमीटरच्या पुलावरून स्वीडनच्या किनाऱ्याला लागते. हा ओरेसुंदचा पूल 2000 साली सुरू झाला. सौ. पुलावर डोळे मिटून बसल्या होत्या. मी मात्र खाली निळे पाणी पाहत होतो आणि इतके पाणी असून कोणाच्या दारात नाही, याचे नवल करत होतो.

माल्मो हे शहर आपल्या मानाने चिमुकले. तेव्हा साडेतीन लाखांच्या आतबाहेर वस्ती. जमीन पोळपाटासारखी सपाट, आणि वारा असा की छत्री उघडली तर माणसासकट डेन्मार्कला पोचावी. एके काळी हे जहाजे बांधणाऱ्यांचे गाव होते. तिथल्या गोदीत कोकुम्स कंपनीची एक प्रचंड यारी होती, शहरात कुठूनही दिसायची. गोदी बंद पडली, कामगार घरी बसले, आणि 2002 साली ती यारी दक्षिण कोरियातल्या एका कंपनीने एका डॉलरला विकत घेऊन, सुटी करून नेली. आमच्या गिरण्यांची धुराडी पडताना पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट निराळी समजावून सांगावी लागत नाही.

एके दिवशी मुलगी म्हणाली, "बाबा, राजवाडे-संग्रहालये पुरे. आज तुमच्या आवडीच्या ठिकाणी जाऊ. मात्र आईला आधी सांगू नका." अशा रीतीने आम्ही बसने ऑगस्टेनबोर्गला गेलो.

ऑगस्टेनबोर्ग हा काही बघण्याचा भाग नव्हे. 1948 ते 1952 या काळात नगरपालिकेच्या घरबांधणी कंपनीने कष्टकरी माणसांसाठी बांधलेली ही वसाहत. तीनचार मजल्यांच्या सरळसोट इमारती, मधे हिरवळ, एक शाळा, दोनचार दुकाने. आपल्या गृहनिर्माण मंडळाच्या एखाद्या जुन्या वसाहतीला नीट रंग देऊन थंडीत नेऊन ठेवावे, तसे काहीसे. तीनेक हजार माणसे तिथे राहतात. पुढे पुढे त्यांत देशोदेशींहून आलेली पुष्कळ. गोदीबरोबर या वसाहतीचेही दिवस फिरले. त्यातच दुखण्यावर डाग म्हणून पाणी. सांडपाणी आणि पावसाचे पाणी वाहून नेणारा नळ जमिनीखाली एकच होता. जोराचा पाऊस झाला की त्या नळाच्या पोटात दोन्ही मावेना, आणि मग तो ज्या वाटेने घेतले त्याच वाटेने परत द्यायचा. तळघरांतल्या मोऱ्यांतून घाण पाणी वर यायचे. तळघरात त्या लोकांची कपडे धुण्याची खोली असते, अडगळ असते, सायकली असतात. सगळे भिजायचे. मी मुलीला म्हटले, "म्हणजे तळमजल्यावरच्या काकू इथेही आहेत म्हणायच्या!"

यावर उपाय काय? आपल्याला सुचतो तोच त्यांनाही सुचला असणार: मोठा नळ टाका. पण मोठ्या नळाला मोठा पैसा लागतो, सगळे रस्ते खणावे लागतात, आणि नळाने पाणी नेले तरी ते पुढच्या वस्तीत जाऊन उभे राहते. 1998 पासून तिथे दुसरी वाट धरली गेली. छपरावरचे, अंगणातले, रस्त्यावरचे पावसाचे पाणी त्या जुन्या नळात जाऊच द्यायचे नाही. ते उघड्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, रमतगमत न्यायचे. त्यासाठी वसाहतीत मिळून सुमारे सहा किलोमीटरचे लहान लहान पाट काढले, दहा तळी खोदली, आणि जिथे जमले तिथे छपरावर झाडे लावली.

आम्ही त्या पाटांच्या कडेकडेने हिंडलो. पाट म्हणजे फार काही नाही. सिमेंटची वीतभर रुंदीची पन्हळ, कुठे फरसबंदीतून, कुठे गवतातून जाणारी. छपराचा नळ जमिनीत न घुसता भिंतीशीच संपतो आणि पाणी पन्हळीत सोडतो. पन्हळ तळ्याला मिळते. तळ्यांत लव्हाळी माजलेली, बदके हिंडत असलेली. शाळेच्या आवारात पायऱ्यापायऱ्यांची एक गोल बैठक आहे. एरवी मुले तिथे बसतात, आणि फार पाऊस झाला की तिथे पाणी बसते. ते ओसरले की मुले परत येतात. ही वाटणी मला फार आवडली. आपल्याकडे पोरांच्या खेळण्याच्या जागेवर एकदा काही येऊन बसले, की ते उठत नाही.

आणि मग ते छप्पर. वसाहतीच्या शेजारी नगरपालिकेच्या सेवाखात्याच्या जुन्या बैठ्या इमारती आहेत. त्यांच्या माथ्यावर सुमारे 9,500 चौरस मीटरची बाग 2001 साली लोकांसाठी खुली झाली. आधी वेळ ठरवून गेलो होतो. दाखवायला एक तरुण मुलगी आली होती. पायांत चिखलाचे बूट, आणि बोलणे अगदी मोजके. लोखंडी जिन्याने वर गेलो, आणि मी थबकलो. गच्ची म्हणून जे काही माझ्या मनात होते, डांबराचे थर, पाण्याच्या टाक्या, दूरदर्शनच्या मोडक्या काड्या, त्यांपैकी तिथे काही नव्हते. नजर पोचेल तिथवर लालसर, पिवळट, हिरवा असा गालिचा पसरला होता. दोन बोटे उंचीची झाडे, पाने बारीक आणि फुगीर. मधून चालायला लाकडी फळ्यांची वाट.

मी खाली वाकून एक पान तोडले, चिमटीत दाबले. त्यातून पाणी आले. त्या झाडाला तिकडे सेडम म्हणतात. आपल्या पानफुटीच्याच कुळातले. पानात पाणी साठवायचे आणि दिवसा तोंड मिटून बसायचे, रात्री गारव्यात श्वास घ्यायचा, अशी त्याची राहणी. म्हणून उन्हात आठवडेच्या आठवडे पाण्याशिवाय ते तग धरते, आणि माती फार मागत नाही. माती किती असेल? मी बोट खुपसले तर दुसऱ्या पेरापर्यंतही गेले नाही. तीनचार सेंटिमीटर, बस्स. आणि तीही आपली शेतातली माती नव्हे. खडीसारखे हलके, सच्छिद्र तुकडे आणि थोडे खत. तिच्याखाली पाणी वाहून जायला जागा ठेवणारा थर, आणि सर्वांत खाली मुळे शिरू नयेत आणि पाणी झिरपू नये म्हणून अंथरलेले जाड आवरण. सगळे मिळून ओले झाले तरी वजन चौरस मीटरला 50 किलोच्या आसपास.

त्या फळीवर उभा असताना मला एकदम बार्शीकडची माझी आजी आठवली. आमचे तिकडचे घर धाब्याचे होते. लाकडी तुळया, वर फळ्या, आणि त्यांवर हातभर पांढरी माती. त्याला आम्ही माळवद म्हणतो. उन्हाळ्यात आम्ही भावंडे माळवदावर झोपायचो. पावसाळ्यात त्यावर गवत उगवायचे, आणि आजी कमरेला पदर खोचून ते उपटत बसायची. उपटले नाही तर मुळे खाली उतरतात आणि माळवद गळते, असे तिचे म्हणणे, आणि ते बरोबर होते. तिच्यापाशी ते खालचे आवरण नव्हते. मी त्या मुलीला हे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, की त्यांच्याकडेही जुन्या खेडेगावांत छपरावर हिरवळीचे तुकडे घालत आणि खाली भूर्ज झाडाची साल अंथरत. म्हणजे तिची आजी आणि माझी आजी एकाच शाळेतल्या. फक्त सालीचा धडा आमच्याकडे शिकवला गेला नाही.

आता मुख्य प्रश्न. एवढ्याशा मातीने होते काय? त्याच छपरावर शास्त्रज्ञांनी मोजमापे घेतली आहेत. कोरड्या छपरावर पाऊस पडला तर पहिले नऊदहा मिलिमीटर पाणी ते गपचूप पोटात घेते. नळातून थेंबही उतरत नाही. पाऊस थांबल्यावर ते पाणी झाडे आणि ऊन मिळून हवेत परत देतात, आणि छप्पर पुढच्या पावसाला पुन्हा रिकामे होते. अशा रीतीने वर्षभरात पडलेल्या पाण्यापैकी सुमारे निम्मे खाली येतच नाही. जे येते ते उशिराने येते.

त्या उशिरातच सगळी मेख आहे. दादरच्या पुलावर तीन गाड्या एकाच मिनिटाला रिकाम्या झाल्या तर काय होते, हे आपण जाणतो. माणसे तेवढीच, पूल तोच. पण गाड्या दहा दहा मिनिटांच्या अंतराने आल्या तर तोच पूल पुरतो. गटाराचेही असेच आहे. ते वर्षाच्या पावसाने तुंबत नाही, सगळ्या छपरांचे पाणी एकाच घटकेला अंगावर आल्याने तुंबते. मुंबईची जुनी गटारे ताशी 25 मिलिमीटर पाऊस धरून बांधलेली. त्यात समुद्राला भरती असली की त्यांचे तोंडच बंद. अशा वेळी जे छप्पर आपले पाणी अर्धा तास धरून ठेवते, ते खालच्या माणसाला अर्धा तास देते.

हे सगळे ऐकून माझी कळी खुलली, आणि मी हिशेब मांडला. आमची गच्ची 300 चौरस मीटर. दहा मिलिमीटर धरले तर 3,000 लिटर. म्हणजे 200 लिटरची पंधरा पिंपे. मग मी त्या मुलीला 26 जुलैची गोष्ट सांगितली. म्हटले, "944 मिलिमीटर."

ती म्हणाली, "वर्षाचा ना?"

तिचे काही चुकले नाही. त्यांच्याकडे वर्षाला 600 च्या आसपास पडतो. मी म्हटले, "नाही. एका दिवसाचा."

ती थोडा वेळ बोलली नाही. तिला मला खूश करायचे असते तर काहीही सांगता आले असते. पण ती म्हणाली, "मग हे छप्पर पहिल्या काही मिनिटांत भरेल. नंतरचे सगळे पाणी खाली जाईल. तुम्हाला यापेक्षा खूप जाड थर लागेल, आणि तोही पुरणार नाही."

खरे सांगायचे तर माझा चेहरा उतरला. पंधरा पिंपे एकीकडे, आणि त्या दिवशी आमच्या गच्चीवर पडलेले 2 लाख 83 हजार लिटर दुसरीकडे. इतक्या लांब येऊन हेच ऐकायचे होते का? पण ती पुढे जे बोलली ते मी वहीत लिहून ठेवले आहे. ती म्हणाली, की छपराने पूर अडतो असे आम्ही कोणाला सांगत नाही. छपरानंतर पाट, पाटानंतर तळे, तळ्यानंतर शाळेचे मैदान, आणि सर्वांत शेवटी नळ. प्रत्येकाने थोडे थोडे थांबवायचे. एकाला पेलणार नाही म्हणून पहिल्याने हात वर केले, तर सगळे शेवटच्यावर येते.

त्यांच्यावरही परीक्षेची वेळ आली होती. 31 ऑगस्ट 2014, रविवार. माल्मोवर काही तासांत 100 मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला. आपल्याला हा आकडा जुलैतला एखादा मंगळवार वाटेल. पण त्या शहराला तो अपूर्व होता. ठिकठिकाणी तळघरे भरली, रस्ते बुडाले. ऑगस्टेनबोर्गही अगदी कोरडे राहिले नाही. पण आसपासच्या जुन्या वस्त्यांच्या मानाने तिथले नुकसान बरेच कमी झाले. त्याआधी तीन वर्षे, 2 जुलै 2011 ला, पलीकडच्या कोपनहेगनला असाच ढगफुटीचा तडाखा बसला होता. त्या शहराने तर 2010 पासूनच नव्या, कमी उताराच्या छपरांवर झाडे लावण्याचे धोरण धरले आहे.

दुपारी ढग भरून आले. मुलगी म्हणाली, "बाबा, चला, भिजाल." मी म्हटले, "अगं, एवढ्यासाठी तर आलो आहे." आम्ही खाली उतरून छपराच्या नळाशी उभे राहिलो. पाऊस आला, आपल्या मृगासारखा नव्हे, तिकडचा बारीक, सभ्य पाऊस. शेजारच्या पत्र्याच्या शेडची पन्हळ दोन मिनिटांत वाहू लागली. आमचा नळ कोरडा. पाच मिनिटे, दहा मिनिटे, पंधरा मिनिटे. कोट भिजला, चष्म्यावर पाणी आले, बाजूने सायकलवरून जाणारी एक बाई या दोन वेड्यांकडे वळून पाहत गेली. पाऊस थांबला. नळ कोरडाच होता. मी त्यात हात घालून पाहिला, आणि कोण जाणे का, माझे डोळे भरून आले. चष्मा आधीच ओला असल्यामुळे मुलीला कळले नाही.

परत आल्यावर मी सोसायटीत विषय काढला. आमच्या इमारतीचे वय झालेले. तपासायला आलेल्या इंजिनिअरने साफ सांगितले, "काका, आमच्या पावसाला दहा सेंटिमीटर तरी माती घालणार ना? 300 चौरस मीटरला 30 घनमीटर झाली. भिजल्यावर 40-45 टन. या स्लॅबवर मी तेवढे वजन चढवू देणार नाही." त्याचे बरोबर होते. छपरावर बाग करायची तर आधी छपराला विचारावे लागते. मग पुढचे दीड-दोन वर्ष महामारीत गेले.

पण पाटाला इंजिनिअरची हरकत नव्हती. 2022 च्या उन्हाळ्यात काकूंच्या दाराशेजारचा तो नळ आम्ही एकदाचा वळवला. भिंतीच्या कडेने सिमेंटची उघडी पन्हळ काढून ती मागच्या नारळीच्या आळ्याशी नेली आणि तिथे विटांचे तुकडे आणि रेती घालून एक शोषखड्डा केला. खर्च म्हणाल तर एका गणेशोत्सवातल्या मांडवाहून कमी. आणि सायकली ठेवायची नवी शेड होती, 30 चौरस मीटरची, मजबूत स्लॅबची. तिच्यावर इंजिनिअरच्या परवानगीने खालचे आवरण घालून दहा सेंटिमीटर हलकी माती टाकली. सेडम आपल्या पावसात कुजेल म्हणून ते लावले नाही. पानफुटी लावली, ऑफिस टाइम लावले, आणि राहिलेल्या जागी गवत आपण होऊन आले. आजी असती तर तिने ते उपटले असते.

2003 साली मागितलेला नळ 2022 साली वळला. एकोणीस वर्षे लागली. मधल्या काळात नव्याने शिवणयंत्र घेऊन काकूंनी मुलाचे लग्नही केले होते, आणि ऐंशीच्या घरात आल्या होत्या.

त्या जूनमधला पहिला मोठा पाऊस दुपारी आला. मी छत्री घेऊन खाली गेलो. काकू दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या; कित्येक पावसाळ्यांत त्यांना दार उघडे ठेवून बसलेले मी पाहिले नव्हते. पन्हळीतून पाणी खळखळत मागे चालले होते. शेडच्या नळाखाली मी मुद्दाम एक बादली ठेवली होती. ती रिकामी होती.

काकूंनी बादलीकडे पाहिले, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "सेक्रेटरी, शेडचे पाणी अजून आले नाही हो."

मी म्हटले, "येईल काकू. जरा उशिराने येईल."

"येऊ दे सावकाश," त्या म्हणाल्या, आणि नातवाला हाक मारून त्यांनी माझ्यासाठी दुसरी खुर्ची मागवली.